विश्लेषण : प्रवेश तेराव्या वर्षी, निर्णय मात्र दहाव्या! इंग्लंडमधील खासगी शाळांसाठी योग्य वय कोणते?

पुण्यातल्या एका शाळेत पाचवीच्या वर्गात एकाच बाकावर बसणारी दोन मुले आहेत असे समजा. एकाचा जन्म जुलै २०१५चा, दुसऱ्याचा नोव्हेंबर २०१५चा. दोघांचे वडील एकाच आयटी कंपनीत आहेत आणि जानेवारी २०२६ मध्ये दोघांचीही लंडनला बदली झाली. मुले एकाच विमानाने गेली तरी तिथल्या शाळेत ती एका वर्गात बसणार नाहीत. जुलैवाला ‘इयर सिक्स’मध्ये जाईल, नोव्हेंबरवाला ‘इयर फाइव्ह’मध्ये. या एका इयत्तेच्या फरकामुळे ईटनसारख्या शाळेच्या नेहमीच्या प्रवेशाची मुदत पहिल्यासाठी सहा महिन्यांपूर्वीच संपलेली असेल. दुसऱ्याच्या हातात मात्र आणखी पाच महिने असतील.

इंग्लंडला गेलेल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘इलेव्हन प्लस बरे की थर्टीन प्लस?’ हा प्रश्न कायम फिरत असतो. त्यावर उत्तरे मिळतात ती बहुधा शाळांच्या नावांची. मूल कोणत्या वयात आणि कोणत्या इयत्तेत जाणार आहे, याचा हिशेब राहून जातो.

एका बाकावरची मुले वेगळ्या वर्गांत का?

इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुले एका इयत्तेत असतात. हा नियम तिथे बराच काटेकोर आहे. मूल हुशार आहे म्हणून वरच्या वर्गात किंवा नवीन आहे म्हणून खालच्या वर्गात, असे सहसा होत नाही. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत जन्मलेली मुले आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधल्या मुलांबरोबर शिकतात, तिकडे मात्र त्यांच्या एक इयत्ता मागे.

‘इंग्लंडची इयत्ता म्हणजे आपली अधिक एक’ हे सर्रास सांगितले जाणारे सूत्र म्हणूनच अर्धवट आहे. जानेवारी ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाला ते लागू पडते. पाचवीतला मुलगा इयर सिक्समध्ये जातो. सप्टेंबर ते डिसेंबरच्या मुलाचा इयत्तेचा आकडा दोन्हीकडे तोच राहतो. शाळा शोधायला लागण्यापूर्वी जन्मतारीख हातात घेऊन इयत्ता काढणे हे पहिले काम. पुढच्या साऱ्या मुदती मुलाच्या वयावर नव्हे, तर या इयत्तेवर चालतात.

प्रवेशाचे टप्पे कोणते?

इंग्लंडमधील खासगी शाळांत सुमारे सहा ते सात टक्के मुले शिकतात. त्यातही परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या नामवंत शाळा मोजक्या. त्यांच्या माध्यमिक प्रवेशाचे मुख्य टप्पे तीन : ११ व्या वर्षी इयर सेव्हन, १३ व्या वर्षी इयर नाइन आणि १६ व्या वर्षी इयर ट्वेल्व्ह, म्हणजे ‘सिक्स्थ फॉर्म’. काही शाळांच्या कनिष्ठ विभागांत सातव्या-आठव्या वर्षीही परीक्षा होते. तिथे शिरलेली मुले बहुधा पुढे त्याच संस्थेच्या माध्यमिक शाळेत सरकतात. पण सात वर्षांच्या मुलाच्या परीक्षेतून त्याच्या बाराव्या-तेराव्या वर्षाचा अंदाज बांधणे कुणालाही अवघडच.

११ आणि १३ असे दोन आकडे का, याचे उत्तर इतिहासात आहे. ईटन (स्थापना १४४०), विंचेस्टर (१३८२), हॅरो (१५७२) या जुन्या निवासी शाळांत मुले तेराव्या वर्षी जात आणि तोवर ‘प्रेप स्कूल’ नावाच्या तयारीच्या शाळेत शिकत. सरकारी व्यवस्थेत मात्र प्राथमिक शाळा अकराव्या वर्षी संपते. दोन्ही घड्याळे आजही शेजारी शेजारी चालतात. या जुन्या शाळांना तिकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात, हाही आपल्याकडच्या माणसाला चकवा. त्या सर्वस्वी खासगी आहेत.

पंडित नेहरू १९०५ मध्ये हॅरोत दाखल झाले तेव्हा त्यांचे सोळावे सुरू होते. नेहमीच्या वयापेक्षा थोडे मोठे असूनही तिथे जागा मिळाली हे आपले नशीब, अशा अर्थाचे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. आज अशी नशिबाची जागा क्वचित मिळते.

तेराव्या वर्षीच्या प्रवेशाची परीक्षा दहाव्या वर्षी?

बहुतेक पालकांची गफलत होते ती इथे. ‘थर्टीन प्लस’ हे नाव ऐकून वाटते, मुलगा बारा वर्षांचा झाला की बघू. प्रत्यक्षात ईटनसाठी नाव नोंदवण्याची शेवटची तारीख इयर फाइव्हमधली ३० जून असते. तेव्हा मूल नऊ किंवा दहा वर्षांचे असते. इयर सिक्सच्या सुरुवातीला ‘आयएसईबी कॉमन प्री-टेस्ट’ नावाची संगणकावरची चाचणी होते. तिचे गुण आणि सध्याच्या शाळेचा अहवाल पाहून निवडक मुलांना मुलाखतीसाठी आणि शाळेच्या स्वतःच्या चाचणीसाठी बोलावले जाते. त्यानंतर अकराव्या वर्षाच्या आसपास ‘तेराव्या वर्षी ये’ असा सशर्त होकार हाती पडतो. मधली दोन वर्षे मुलाने चांगले शिकत राहायचे. इयर एटमध्ये ‘कॉमन एन्ट्रन्स’ ही जुनी परीक्षा असते, पण निवडीचा खरा फैसला तोवर झालेला असतो. काही शाळांनी तर या परीक्षेची अटही काढून टाकली आहे.

ईटन एकटी नाही. तेराव्या वर्षी मुले घेणाऱ्या बऱ्याच नामवंत शाळांची चाळणी इयर सिक्समध्येच लागते. म्हणजे ११ आणि १३ या दोन वाटांची निवड जवळजवळ एकाच वेळी होते आणि तिची तयारी इयर फाइव्हमध्ये करावी लागते. तेराचा पर्याय निवडला म्हणून विचार करायला दोन वर्षे जास्त मिळत नाहीत. मुलाला जुन्या शाळेत दोन वर्षे जास्त मिळतात, एवढेच.

प्री-टेस्टची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. एका शैक्षणिक वर्षात ती एकदाच देता येते आणि तोच निकाल अर्ज केलेल्या सगळ्या संबंधित शाळांना जातो. पाच शाळांना अर्ज केला म्हणून पाच संधी मिळत नाहीत. त्या दिवशी मुलाला ताप असेल, तर तो सांगून तारीख बदलून घेण्यातच शहाणपण.

इलेव्हन प्लसचे वेळापत्रक त्या मानाने सरळ आहे. लंडनच्या खासगी डे स्कूलची नोंदणी साधारण इयर सिक्सच्या शरद ऋतूत, म्हणजे आपल्या गणपती-दिवाळीच्या सुमारास बंद होते. नोव्हेंबर ते जानेवारी परीक्षा, मग मुलाखती, फेब्रुवारीत निकाल आणि सप्टेंबरमध्ये शाळा.

मग अकरा की तेरा?

मुलगी असेल तर हा प्रश्न बऱ्याच अंशी आपोआप सुटतो. मुलींच्या निवडक डे स्कूलचा मुख्य प्रवेश अकराव्या वर्षीच असतो. लंडन परिसरातील अनेक मुलींच्या शाळा मिळून एकच सामायिक चाचणी घेतात, त्यामुळे प्रत्येक शाळेसाठी वेगळा पेपर द्यावा लागत नाही. चित्र थोडे बदलत आहे. वेस्टमिन्स्टर ही लंडनमधील नावाजलेली शाळा आजवर मुलींना फक्त सोळाव्या वर्षी घेत असे. २०२८ पासून तिथे तेराव्या वर्षीही मुलींना प्रवेश मिळणार आहे.

मुलाच्या बाबतीत सगळ्यात आधी पाहायचे ते तो सध्या कुठे शिकतो हे. सरकारी प्राथमिक शाळेत असेल तर ती इयर सिक्सला संपते. तेराव्या वर्षीची जागा घेतली तर इयर सेव्हन आणि एट ही दोन वर्षे त्याने जायचे कुठे? एक तर दोन वर्षांपुरते महागड्या प्रेप स्कूलमध्ये, नाही तर सरकारी माध्यमिक शाळेत. तिथे मित्र जमेपर्यंत पुन्हा निघायची वेळ. भारतातून नुकत्याच आलेल्या मुलासाठी तीन-चार वर्षांतली ही तिसरी शाळा ठरते. म्हणून सरकारी प्राथमिक शाळेत असलेल्या मुलासाठी अकरा हेच वय स्वाभाविक. दुसरीकडे, मूल आधीच तेरापर्यंतच्या प्रेप स्कूलमध्ये रमले असेल, तर त्याला अकराव्या वर्षी उचलण्याचे कारण नाही. प्रेपची शेवटची दोन वर्षे मुलांना मानवतात. तिथे ती सर्वांत मोठी असतात, संघाचे कप्तानपद, नाटकातली मोठी भूमिका त्यांच्या वाट्याला येते.

निवासी शाळेचा विचार असेल तर मामला वेगळा. अकराव्या वर्षी घर सोडणे आणि तेराव्या वर्षी सोडणे यांत फार अंतर आहे. पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये मुले ठेवलेल्या घरांना हे सांगायला नको. पालक भारतातच राहणार असतील, तर निवासी शाळा सामान्यतः इंग्लंडमध्ये राहणारा गार्डियन मागतात. सुटीत, आजारपणात मुलाला घरी नेणारे कुणी तरी तिथे हवे. नाव नोंदवताना ही तजवीज पालकांच्या डोक्यात नसते.

परीक्षेत काय असते, आपल्या मुलांना काय जड जाते?

प्री-टेस्ट सुमारे सव्वादोन तासांची असते. गणित, इंग्रजी, शाब्दिक तर्क आणि आकृत्यांवरचा तर्क असे चार भाग. शिष्यवृत्ती परीक्षेचा बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर ज्यांनी सोडवला आहे, त्यांना यातला अर्धा भाग ओळखीचा वाटेल : आकृत्यांची मालिका पूर्ण करा, गटात न बसणारा शब्द शोधा, सांकेतिक लिपी उलगडा. फरक असा की बरोबर उत्तर आले की संगणक पुढचा प्रश्न अधिक कठीण देतो, आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. ‘सोपे आधी सोडवा, अवघड शेवटी’ ही आपल्या क्लासची शिकवण इथे निरुपयोगी.

गणितात भारतातून गेलेली मुले बहुधा अडत नाहीत. अडतात ती इंग्रजीत. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी माध्यमात शिकलेले मूलही. त्याला व्याकरण येते, धडा पाठ असतो. पण न पाहिलेल्या उताऱ्यातला उपरोध, एखाद्या पात्राच्या मनातले न लिहिलेले दुःख, घरगुती इंग्रजीतले साधे शब्द यांची सवय वाचनातून येते आणि त्याला वेळ लागतो. शाब्दिक तर्काचा पेपरही शेवटी शब्दसंग्रहाचाच असतो. शिवाय बऱ्याच शाळांच्या इलेव्हन प्लसमध्ये स्वतःच्या शब्दांत गोष्ट किंवा वर्णन लिहायचे असते. ती क्लासमध्ये घोटून घेतलेली असली की तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

यावरून एक ढोबळ आडाखा बांधता येतो. मूल इंग्लंडमध्ये येऊन दोन वर्षेही झाली नसतील आणि ते अजून आपणहून इंग्रजी पुस्तक हातात घेत नसेल, तर दहाव्या वर्षी त्याला शिकवणीच्या घाण्याला जुंपण्यात फारसा अर्थ नाही. एखाद्या शाळेत जागा मिळेलही, पण निवडक शाळेत पहिल्या दिवसापासून वर्गाच्या तळाशी बसणे अकरा वर्षांच्या मुलाला सोसतेच असे नाही. अशा मुलाला पुढे सोळाव्या वर्षी संधी आहे, आणि ती दुय्यम दर्जाची नाही.

ऑगस्टच्या मुलांचे काय?

१ सप्टेंबरला आणि पुढच्या ३१ ऑगस्टला जन्मलेली मुले एकाच इयत्तेत असतात. दोघांत जवळजवळ एका वर्षाचे अंतर. दहा वर्षांच्या वयात हे अंतर दिसते. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या ब्रिटिश संशोधन संस्थेने इंग्लंडमधील मुलांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे, की ऑगस्टमधली मुले सप्टेंबरमधल्या मुलांपेक्षा शालेय परीक्षांत सरासरीने मागे असतात. वय वाढते तसा हा फरक कमी होत जातो.

प्रवेश परीक्षांत यावर उपाय म्हणून बहुधा गुणांची वयानुसार फेरमांडणी होते. प्री-टेस्टमध्येही ती असते. त्याच गुणांना धाकट्या मुलाच्या बाबतीत थोडे वजन जास्त. मुलाखतीला मात्र असे गणित लावता येत नाही. अनोळखी शिक्षकासमोर बसून ‘तुला काय वाचायला आवडते?’ याचे उत्तर देताना दहा वर्षांचे मूल आणि जवळजवळ अकराचे मूल वेगळेच दिसते. गंमत म्हणजे सुरुवातीच्या उदाहरणातला जुलैचा मुलगा पुण्यातल्या त्याच्या वर्गात वयाने साधारण मध्यावर होता. लंडनच्या वर्गात तो धाकट्यांत गणला जाईल. नोव्हेंबरचा मुलगा पुण्यात धाकट्यांत होता, लंडनमध्ये तो मोठ्यांत जमा होईल. तोच मुलगा, तीच बुद्धी. पण ‘आमचा मुलगा वर्गात मागे पडला’ असे म्हणण्यापूर्वी ही अदलाबदल आठवावी.

पैशांचे गणित

१ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के व्हॅट लागू झाला. ईटनचे निवासी शुल्क त्यासह वर्षाला ६० हजार पौंडांच्या वर गेले आहे. लंडनच्या डे स्कूलसाठी वर्षाला ३० हजार पौंड धरून चालू. पौंडाचा भाव ढोबळमानाने १२० रुपये धरला तर हे झाले वर्षाचे ३६ लाख. अकरा ते अठरा अशी सात वर्षे आणि तेरा ते अठरा अशी पाच वर्षे यांतला फरक ६० हजार पौंडांचा, म्हणजे ७२ लाख रुपयांचा. दरवर्षीची शुल्कवाढ, गणवेश, बस, सहली यात धरलेल्या नाहीत. सोळाव्या वर्षी प्रवेश घेतला तर खर्च दोनच वर्षांचा. पण तेराची निवड स्वस्त ठरते ती मधली दोन वर्षे सरकारी शाळेत काढली तरच. प्रेप स्कूलमध्ये काढली तर बचत बरीचशी तिथेच जिरते.

‘स्कॉलरशिप मिळाली की निभेल’ या आशेवर कुणी राहू नये. तिथे स्कॉलरशिप म्हणजे बहुधा मान आणि शुल्कात किरकोळ सवलत. खरी मदत ‘बर्सरी’ची असते. ती पालकांचे उत्पन्न आणि मालमत्ता तपासून देतात, तिचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करावा लागतो. कंपनीच्या बदलीवर गेलेल्यांनी आणखी एक विचार करावा : बदली तीन वर्षांची असेल, तर अकराव्या वर्षी घेतलेला प्रवेश चौदाव्या वर्षी सोडावा लागेल, तोही दहावीला समांतर असलेल्या जीसीएसईच्या तोंडावर. जीसीएसईचा अभ्यास इयर टेन आणि इलेव्हन असा दोन वर्षांचा असतो. त्याच्या मध्यावर शाळा बदलणे कोणत्याही दिशेने त्रासाचेच.

फुकटात निवडक शाळा हवी असेल तर?

इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर स्कूल आहेत. त्या सरकारी आहेत, तिथे शुल्क नाही आणि प्रवेश परीक्षा घेऊनच होतो. कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांनाही सरकारी शाळांत शिकता येते. केंट, बकिंगहॅमशायर, तसेच लंडनजवळच्या स्लाव या भारतीय वस्तीच्या गावात अशा शाळा आहेत. मात्र त्यांचा मुख्य प्रवेश अकराव्या वर्षीच. परीक्षा इयर सिक्स सुरू होताच सप्टेंबरमध्ये होतात, त्यामुळे नोंदणी त्याआधीच्या उन्हाळ्यात उरकावी लागते; स्थानिक कौन्सिलचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, निकाल १ मार्चला. खासगी आणि ग्रामर या दोन्हींचे अर्ज एकाच वर्षी करता येतात, आणि अनेक कुटुंबे तेच करतात. दोन्हींसाठी मूल किती परीक्षांना बसणार हे मात्र आधी मोजून पाहावे. तीन महिन्यांत सात-आठ परीक्षा दिलेले मूल आठव्या परीक्षेत काय लिहील, हे सांगायला तज्ज्ञ नको.

जुलैच्या मुलाला आता काय उरले?

जानेवारीत इयर सिक्समध्ये पोहोचलेल्या मुलासाठी इलेव्हन प्लसची नोंदणी संपलेली, परीक्षाही उरकत आलेल्या. तरी दारे साफ बंद नसतात. तेराव्या वर्षी प्रवेश देणाऱ्या काही शाळा इयर सेव्हन किंवा एटमध्ये थोड्या जागांसाठी पुन्हा चाचणी घेतात. ईटनची किंग्ज स्कॉलरशिपची परीक्षा इयर एटमध्ये होते, तिच्यातून दरवर्षी सुमारे १४ मुले निवडली जातात. पण ती असामान्य तयारीच्या मुलांसाठीच. लंडनमध्ये लोकांचे येणे-जाणे सतत चालू असल्याने मध्येच रिकाम्या झालेल्या जागाही असतात. त्या जाहिरात करून भरल्या जात नाहीत. प्रवेश कार्यालयाला फोन करून ‘इयर सेव्हनसाठी प्रतीक्षा यादी आहे का?’ असे थेट विचारावे लागते. असे विचारण्यात तिकडे काही वावगे मानत नाहीत.

आणि मग सोळावे वर्ष. केवळ मुलांच्या असलेल्या काही शाळा या वयात मुलींना घेतात. विंचेस्टरने २०२२ पासून सिक्स्थ फॉर्ममध्ये मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. या वेळी तर्काच्या कोड्यांपेक्षा मुलाला पुढे जे तीन-चार विषय घ्यायचे आहेत, त्यांच्या परीक्षा आणि मुलाखतीवर भर असतो. गणित आणि भौतिकशास्त्रात चमकणाऱ्या, पण दहाव्या वर्षी इंग्रजीत अडखळलेल्या मुलाला ही परीक्षा अधिक न्याय देते. भारतात दहावी करून जाणाऱ्यांसाठीही हाच सर्वांत स्वच्छ सांधा आहे : इकडे दहावी मार्चमध्ये संपते, तिकडे इयर ट्वेल्व्ह सप्टेंबरमध्ये सुरू होते. फक्त अर्ज दहावीच्या निकालानंतर करून चालत नाही. बऱ्याच शाळांच्या परीक्षा आदल्या नोव्हेंबरच्या आसपास होतात आणि नोंदणी त्याही आधी बंद होते. म्हणजे जून २०२६ मध्ये दहावीत बसलेल्या मुलाला सप्टेंबर २०२७ मध्ये जायचे असेल, तर त्याच्या पालकांनी शाळांची संकेतस्थळे उघडायची वेळ दहावीचे पहिले सत्र सुरू होतानाच आलेली असते.